बारावीच्या मार्कांवरून सांख्यिकीचा निकाल वर्तवताय? या चुका टाळा

बारावीच्या मार्कांवरून कॉलेजातले सांख्यिकीचे मार्क वर्तवायचे, हा विषय सोपा वाटतो, म्हणूनच तो प्रकल्पासाठी उचलला जातो. पन्नास-साठ मुलांच्या मार्कशीट गोळा करायच्या, एक्सेलमध्ये भरायच्या, एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशन चालवायचं (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषा काढायची) आणि प्रकल्प बाइंडिंगला टाकायचा. बडोद्यात एम.एड., मानसशास्त्र किंवा कॉमर्स करणाऱ्या आपल्या मराठी मुलांचे असे प्रकल्प वाचताना एक गोष्ट सारखी दिसते. गडबड रिग्रेशनच्या गणितात क्वचितच असते. ती असते ‘बारावी’ नावाच्या त्या एका रकान्यात.

एकाच रकान्यात नाना तऱ्हेचे मार्क

गुजरात बोर्डात कॉमर्सची मुलं अकरावी-बारावीला आंकडाशास्त्र (म्हणजे सांख्यिकीच) हा स्वतंत्र विषय शिकतात. सूचकांक, सहसंबंध (दोन आकडे किती बरोबरीने बदलतात याचं माप), रिग्रेशन, नॉर्मल वितरण हे सगळं त्यांनी कॉलेजात येण्याआधीच पाहिलेलं असतं. सायन्सच्या ए ग्रुपवाल्यांकडे (गणित घेतलेल्यांकडे) गणित भक्कम असतं, पण सांख्यिकीच्या नावाने अकरावीतलं एक प्रकरण आणि थोडी संभाव्यता, बस. बी ग्रुपवाल्यांचं (गणिताऐवजी जीवशास्त्र घेतलेल्यांचं) तर गणित दहावीलाच सुटलेलं. आता या तिघांचे ७५ टक्के एका रकान्यात ठेवून एकच रेषा काढली, तर ती कोणालाच लागू पडत नाही. प्रत्येक गटात आत चढ असतो आणि तिन्ही एकत्र केले की रेषा सपाट होऊ शकते, कधी कधी तर उलटी पडते. मग निष्कर्षात लिहिलं जातं, ‘पूर्वीच्या यशाचा सांख्यिकीशी संबंध आढळला नाही’. संबंध होता, तो गटांच्या मिसळणीत बुडाला.

म्हणून रिग्रेशनआधी बिंदुचित्र (प्रत्येक मुलाचा एक ठिपका असलेला आलेख) काढा आणि प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे कॉमर्स, ए ग्रुप, बी ग्रुप यांना, वेगळा रंग द्या. रंगांचे ढग वेगवेगळ्या उंचीवर दिसले, तर प्रवाह हा वेगळा चल (व्हेरिएबल) म्हणून घाला. उतारही वेगळे दिसले, तर प्रवाह आणि मार्क यांचा गुणाकारही घाला. एकूण टक्क्यांऐवजी गणिताचे किंवा आंकडाशास्त्राचे मार्क घेतलेत तर आणखी बरं, कारण इंग्रजी आणि संस्कृतचे मार्क सांख्यिकीबद्दल फारसं बोलत नाहीत. दुसऱ्या बाजूचंही पाहा: बी.कॉम.चा सांख्यिकीचा पेपर आणि बी.एस्सी.चा पेपर ही दोन वेगळी मोजमापं आहेत, ती एकत्र करू नका.

दहावीच्या गणितातही फसगत आहे. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून आणि गुजरात बोर्डाने २०२२ पासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर ठेवले. बेसिकमधले ९० आणि स्टँडर्डमधले ९० हे सारखे नव्हेत. कोणता पेपर होता, हे विचारायचं राहिलं तर नंतर शोधून काढणं कठीण.

आणि पीआर! गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर मार्कांबरोबर पर्सेंटाईल रँक, म्हणजे पीआरही छापलेला असतो. फॉर्ममध्ये नुसतं ‘बारावीचा निकाल’ विचारलंत की अर्धी मुलं टक्के लिहितात, अर्धी पीआर. जो आकडा मोठा तोच लिहिला जातो; घरी आलेल्या मावशीलाही तोच सांगितलेला असतो. ९० पीआर म्हणजे साधारण ९० टक्के मुलं आपल्या मागे, ९० टक्के मार्क नव्हेत. मार्कशीट समोर ठेवूनच आकडे उतरवा. बोर्ड वेगवेगळे असतील तर त्या वर्षाची, त्या बोर्डाची, त्या प्रवाहाची सरासरी आणि प्रमाण विचलन (मार्क सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) मिळवून झेड-गुण काढा, म्हणजे मार्क सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहेत ते.

रिग्रेशनमध्ये दहावीचा गुणांक (कोएफिशियंट) उणे का आला?

तुमच्या डेटात २०२१ ला बारावी झालेली मुलं आहेत का, ते आधी बघा. त्या वर्षी कोविडमुळे नियमित मुलांच्या बोर्डाच्या परीक्षाच झाल्या नाहीत. गुजरात बोर्डाने बारावीचा निकाल दहावीच्या मार्कांना ५० टक्के, अकरावीला २५ आणि बारावीला २५ टक्के वजन देऊन लावला. सीबीएसईने हेच ३०, ३० आणि ४० असं धरलं. म्हणजे बारावीच्या रकान्यात दहावी आधीच मिसळलेली आहे. दोन्ही रकाने एकाच मॉडेलमध्ये घातले की ते एकमेकांशी भांडतात: प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) फुगते, गुणांकाचं चिन्ह उलटू शकतं आणि ‘दहावी चांगली तर सांख्यिकी वाईट’ असा हास्यास्पद निष्कर्ष छापून येतो. व्हीआयएफ (चल एकमेकांत किती मिसळलेत ते दाखवणारा आकडा) काढून पाहा, १० च्या वर असेल तर एकच रकाना ठेवा. तसंच २०२३ ला बारावी झालेल्यांची दहावी २०२१ ची, म्हणजे बोर्डाच्या पेपरशिवाय शाळेने दिलेल्या मार्कांची. अशा बॅचना सरळ वेगळा कोड द्या.

सहसंबंध फारच कमी आला

मेरिटने भरलेल्या वर्गात हे होणारच. सगळ्या अर्जदारांमध्ये सहसंबंध ०.६ असेल आणि प्रवेश मिळालेल्यांच्या मार्कांचं प्रमाण विचलन निम्म्यावर आलं असेल, तर वर्गात तो सुमारे ०.३५ च दिसतो. सगळे ८५ ते ९५ मध्ये असतील तर फरक दिसणार कुठून? अर्जदारांचं प्रमाण विचलन मिळत असेल तर या आकसलेल्या पसाऱ्यासाठीचं दुरुस्तीचं सूत्र (करेक्शन फॉर रेंज रिस्ट्रिक्शन) वापरा. नसेल तर ‘हा निष्कर्ष प्रवेश मिळालेल्यांपुरता’ असं स्पष्ट लिहा.

सहसंबंध संशयास्पद जास्त आला

बहुतेक वेळा इंटर्नलचे मार्क आत घुसलेले असतात. अंतिम मार्कांत मिसळलेली मिड-सेम परीक्षाच अंदाजासाठी वापरली, तर तो अंदाज राहत नाही, बेरीज होते. गैरहजर मुलांना शून्य दिलं असेल, तर तेही तपासा. परीक्षेला न बसलेला आणि बसून शून्य मिळवलेला यांना एकाच कोडमध्ये टाकलं, तर खालच्या कोपऱ्यातले चार-दोन बिंदू अख्खी रेषा ओढून नेतात.

मुलं थोडी आणि चल भरपूर, हेही कारण असू शकतं. ग्रीनचा १९९१ चा ढोबळ नियम असा: ५० अधिक चलांच्या आठपट इतकी मुलं हवीत. पाच चल असतील तर ९०. साठ मुलांवर दहावी, बारावी, उपस्थिती, वडिलांचं शिक्षण, ट्यूशन, अभ्यासाचे तास हे सगळं घातलं तर आर-वर्ग (मार्कांतला किती फरक मॉडेल समजावतं याचं माप) वाढतोच, पुढच्या वर्षीच्या बॅचवर मात्र तो टिकत नाही. एका वर्षाच्या मुलांवर मॉडेल बांधा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांवर तपासा.

एकेका मुलाचं भविष्य सांगणं

सगळं नीट जमून सहसंबंध ०.५ आला, तर या विषयात तो चांगलाच म्हणायचा. पण हिशेब करा. सांख्यिकीच्या मार्कांचं प्रमाण विचलन १२ असेल, तर अंदाजाची प्रमाण त्रुटी साधारण १०.४ मार्क राहते. काहीच माहीत नसताना ती १२ होती. एखाद्याचा अंदाज ४५ आला, तर ९५ टक्के खात्रीचा पट्टा सुमारे २५ ते ६५ असा पडतो. अशा अंदाजावरून ‘कच्ची मुलं’ अशी नावांची यादी करून विभागप्रमुखांच्या हाती देऊ नका. द्यायचीच असेल, तर प्रत्येक नावापुढे एक आकडा न लिहिता तो अख्खा पट्टा लिहा.