पैसे गेले, पंप येईना : माझा अनुभव

तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेसाठी बॅटरीवरचा फवारणी पंप ऑनलाइन मागवला. यूपीआयने पैसे लगेच वळते झाले आणि विक्रेता गप्प! फोन कट, मेसेजवर नुसत्या निळ्या टिका. भावजी म्हणाले, "सोड आता, गेले पैसे." पण दुकान खोटं वाटत नव्हतं, पक्कं बिल आलं होतं, त्यावर जीएसटी क्रमांकही होता. (दुकानच बोगस निघालं तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करायचा, तो रस्ता वेगळा.)

आधी फोन करणं बंद केलं. बिल, चॅटचे स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक एका ईमेलमध्ये घालून त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याचं नाव-संपर्क साइटवर द्यावाच लागतो. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारणही बंधनकारक आहे. पोच काही आली नाही.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तक्रार क्रमांक मिळाला तसा तो विक्रेत्याला धाडला, खाली एकच ओळ: "पुढची तक्रार सांगली जिल्हा ग्राहक आयोगात." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे त्यालाही ठाऊक असावं, कारण इतके दिवस मुका असलेला माणूस स्वतःहून फोनवर आला. "स्टॉक संपला होता हो साहेब!"

पैसे खात्यात परत आले. पंप मग सांगलीत दुकानातूनच घेतला.