डिजिटल छायाचित्रण शिकताना: आधी उजेड, मग कॅमेरा

डिजिटल कॅमेऱ्याचे विज्ञान थोडक्यात सांगता येते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधील छिद्र किती उजेड आत घेते, शटर किती वेळ उघडे राहते आणि उजेड टिपणाऱ्या सेन्सरकडून आलेला संकेत किती वाढवायचा, म्हणजेच आयएसओ, या तिन्हींवर छायाचित्राचा उजळपणा ठरतो. एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे; म्हणून छिद्र एफ ८ वरून एफ २.८ वर नेले तर आठपट उजेड आत येतो. तेव्हा शटरचा वेग १/१२५ वरून १/१००० सेकंदावर नेला की उजळपणा तेवढाच राहतो. चित्र मात्र बदलते, कारण पहिल्या जोडीत मागची इमारतही बरीच स्पष्ट दिसते आणि दुसरीत ती धूसर होऊन माणूस उठून दिसतो. या दोहोंतून आपल्याला काय सांगायचे आहे ते ठरवणे ही कला, आणि माझ्या मते ती विज्ञानाबरोबरच शिकावी.

सरावासाठी आयएसओ स्थिर ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फुटपाथवर सुरक्षित उभे राहून समोरून जाणारी बेस्टची लाल बस आधी १/१००० वर टिपावी, म्हणजे ती जागीच थांबल्यासारखी दिसेल. मग १/३० वर, बसच्या गतीने कॅमेरा सावकाश फिरवत टिपावी. हे साधले की बस बऱ्यापैकी स्पष्ट राहते आणि मागची दुकाने रेषांसारखी ओढली जातात. सुरुवातीला बहुतेक चित्रे फसतात, तरी सराव सोडू नये.

पुढची पायरी कॅमेऱ्यातील उजेड मोजणाऱ्या मीटरची. तो समोरचे दृश्य मध्यम करड्या उजळपणाचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे चौकट भरून राहिलेला डबेवाल्याचा पांढरा सदरा करडा येतो आणि काळीपिवळी टॅक्सीचे काळे अंग फिकट दिसते. सदऱ्यासाठी एक्सपोजर (चित्राला मिळणारा उजेड) अधिक एकवर, म्हणजे दुप्पट करावे, टॅक्सीसाठी उणे एकवर, म्हणजे निम्मे करावे आणि प्रत्येक वेळी हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील गडद ते उजळ भागांचा आलेख, पाहावा. तो उजव्या, म्हणजे उजळ बाजूच्या कडेला आदळला असेल, तर चित्राच्या सर्वांत उजळ भागातील तपशील बहुधा हरवलेला असतो. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, ठेवल्यास सुधारणेला बराच वाव मिळतो, कारण जेपेग या नेहमीच्या तयार चित्राच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

संध्याकाळच्या निळ्या आभाळासाठी मरीन ड्राइव्हवर सूर्यास्ताच्या आधीच पोहोचावे. मुंबईच्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर सरतो. दिवे लागलेले आणि आभाळ अजून निळे, असा वेळ थोडाच मिळतो. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ आणि दोन सेकंदांचा टायमर एवढ्यावर काम भागते; शटरचा वेळ दर काही मिनिटांनी वाढवत न्यावा.

पावसाळ्यातील दमट हवेत लेन्सवर बुरशी येते, म्हणून कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडल्यावर काचेवर बाष्प धरू नये यासाठी तो काही वेळ बंद पिशवीतच राहू द्यावा.