देवगिरीची अंधारी कशी पार करावी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरी ऊर्फ दौलताबादचा किल्ला लागतो. यादवांची ही राजधानी १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने लुटली आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने तिला दौलताबाद हे नाव देऊन स्वतःची राजधानी केली. येथील कातळात खोदलेल्या भुयारी वाटेला ‘अंधारी’ म्हणतात.

अंधारी नीट पाहायची असेल, तर किल्ला उघडताच आत शिरावे आणि आधी थेट खंदकापर्यंत जावे. वाटेतला चांद मिनार आणि गोवळकोंड्याचा सुलतान तानाशाह याला औरंगजेबाने जेथे कैदेत ठेवले तो चिनी महाल उतरताना पाहता येतो. उन्हात कातळ तापल्यावर मात्र चढण नकोशी होते.

पायांत घट्ट, न घसरणारे बूट असावेत. पहिल्या खेपेस मी चपला घालून गेलो आणि तिसऱ्याच वळणावर बसकण मारली. पायऱ्यांची उंची सारखी नाही, काही ठिकाणी कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, त्यामुळे एक हात भिंतीला ठेवून आधी पायाने चाचपावे आणि मगच त्यावर भार द्यावा. टॉर्च डोक्याला बांधण्याचा असल्यास हात मोकळे राहतात. त्याचा झोत पायांपुढेच ठेवावा, कारण छताकडे वळवला की वटवाघळांचा थवा अंगावरून फडफडत जातो. त्यांच्या विष्ठेचा उग्र वास नाकात भरतो आणि तिची कोरडी धूळ फुप्फुसांना अपायकारक ठरू शकते, म्हणून नाकातोंडावर मास्क लावणे हा भित्रेपणा नव्हे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी किंवा अंधाराची धास्ती असणाऱ्यांनी बाजूने काढलेल्या पायऱ्यांची वाट धरावी.

मध्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, एकदा टॉर्च विझवावा आणि जागचे न हलता उभे राहावे. बरोबरचा माणूस हातभर अंतरावर असूनही केवळ श्वासावरून कळतो. हातात मशाल, पाठीशी रेटा आणि पुढे वळण, अशा स्थितीत चढणाऱ्या शत्रूची काय गत होत असेल, ते तेव्हा उमगते. वाटाडे येथे शत्रूला फसवून खंदकात पाडणाऱ्या झरोक्याची गोष्ट रंगवून सांगतात. ती ऐकावी, पण त्याहून वरच्या तोंडाशी असलेली योजना अधिक लक्ष देऊन पाहावी. ते तोंड लोखंडी पत्र्याने झाकून वर जाळ करण्याची सोय होती आणि जाळाला वारा मिळावा म्हणून जवळच कातळात भोक ठेवलेले होते. एकही तलवार न उपसता आतला माणूस धुराने आणि उष्णतेने हैराण व्हावा, असा हा बेत होता.

बाहेर पडल्यावर लगेच पुढची चढण सुरू करू नये. लख्ख उन्हात डोळे काही क्षण दिपतात. ते सरावले, घोटभर पाणी पोटात गेले, की वरच्या बारादरी महालाकडे निघावे.