मोठ्या पैशांचा पोकर बघायचा कसा, पत्ते सगळ्यात शेवटी

यूट्यूबवर अमेरिकेतल्या पोकरच्या कॅश गेमचे (टेबलावरच्या चिप्स म्हणजे थेट पैसेच) व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि आपण लोक तीन पत्तीवर वाढलेले, त्यामुळे कोणाकडे एक्के आलेत एवढंच बघत बसतो. पण खरं सांगू का, या टेबलांवर पत्ते ही सगळ्यात कमी इंटरेस्टिंग गोष्ट आहे.

पहिलं म्हणजे डॉलरचे रुपये करायचं बंद करा, नाहीतर दर बेटला तुम्हाला पुण्यातला फ्लॅट दिसेल आणि डाव निसटेल. स्क्रीनवर ब्लाइंड, म्हणजे पत्ते येण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची छोटी आणि मोठी रक्कम, लिहिलेले असतात, समजा २००/४००, आणि माणसापुढे १ लाख डॉलर आहेत, तर ४०० ने भागा, आले २५० बिग ब्लाइंड. म्हणजे त्याला निवांत खेळता येतं. कोणी ८०० चा स्ट्रॅडल टाकला, म्हणजे पत्ते न बघताच दुप्पट लावले, तर तेच १ लाख निम्म्यासारखे वागायला लागतात. हे बहुतेक वेळा गेम पेटावा म्हणूनच करतात.

आता मुख्य काम, टेबलावरचा बकरा शोधा. प्रो लोक एकमेकांकडून जिंकायला रात्र जागवत नाहीत, कोणीतरी पैसेवाला हौशी माणूस बसलेला असतो आणि अख्खा गेम त्याच्या वेळेने, त्याच्या आवडीच्या स्टेकने (लावायच्या रकमेने) चालतो. ओळखायचा कसा? तो भरपूर हात खेळतो, हरला की हसत परत चिप्स मागवतो, आणि बाकीचे सगळे त्याच्याशी जावयासारखे वागतात. त्याने भंगार पत्त्यांवर कॉल करून (समोरच्याएवढे पैसे भरून) लाखो जिंकले तरी कोणी टोमणा मारत नाही, मारला तर बाकीचे प्रो त्या टोमणेवाल्यावरच चिडतात, कारण उद्या तो आलाच नाही तर काय?

पण हौशी म्हणजे भोळा असं समजू नका. डॅलसचा बँकर अँडी बील २००१ पासून वेगासच्या बेलाजिओत येऊन प्रोंशी एकास एक खेळायचा, गॉगल आणि हेडफोन लावून, आणि स्टेक वाढवत वाढवत शेवटी १ लाख/२ लाख डॉलरच्या लिमिट गेमपर्यंत (बेटचा आकडा आधीच ठरलेला) गेला. युक्ती साधी होती, आकडा एवढा वाढवायचा की समोरच्याचा हात थरथरला पाहिजे. ते झेपेना म्हणून डॉइल ब्रन्सन, चिप रीस, जेनिफर हार्मन, टेड फॉरेस्ट अशा दिग्गजांनी पैसे एकत्र केले आणि पाळीपाळीने त्याच्यासमोर बसले. बील कधीकधी जिंकलाही, आणि चांगलाच जिंकला. शेवटी फेब्रुवारी २००६ मध्ये फिल आयव्हीने तीन दिवसांत त्याच्याकडून साधारण १ कोटी ६६ लाख डॉलर काढले. जगातले एवढे मोठे खेळाडू वर्गणी काढून खेळले, हे मला त्या रकमेपेक्षा भारी वाटतं.

यावरून पुढचं, समोर ठेवलेल्या चिप्स त्याच्याच आहेत असं धरून चालू नका. अर्धा वाटा दुसऱ्याचा, दहा टक्के मित्राला विकलेले, असं सर्रास असतं. स्टू अंगर १९८० आणि १९८१ चा पोकरचा वर्ल्ड चॅम्पियन, पत्त्यांत त्याच्यासारखं डोकं क्वचितच झालं असेल, पण ड्रग्जने पार धुतला गेलेला. १९९७ ला त्याच स्पर्धेची १०,००० डॉलरची एंट्री बिली बॅक्स्टरने भरली, अंगर तिसऱ्यांदा जिंकला, १० लाखांचं बक्षीस दोघांनी वाटून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगासच्या एका मोटेलात तो मेलेला सापडला. म्हणून कोणी "मी एवढे जिंकलो" म्हणाला की त्यातले हातात किती आले हे आधी विचारावं.

तोंडं पण बघा. फिल हेलम्यूथ १९८९ ला २४ व्या वर्षी चॅम्पियन झाला, हरला की अजूनही लहान पोरासारखा थयथयाट करतो, त्यातला थोडा कॅमेऱ्यासाठी असणार असं माझं मत. आयव्ही उलट, नुसता टक लावून बघतो. ब्रन्सनने तर १९७६ आणि १९७७ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा शेवटचा डाव दोन्ही वेळा हातातल्या दोन पत्त्यांवर, दश्शी-दुर्रीवर, मारला, म्हणून त्या हाताला आजही त्याचंच नाव आहे. सत्ती-दुर्री हा सगळ्यात फालतू हात, पण तो घेऊन जिंकला तर बाकी सगळ्यांनी ठरलेली रक्कम द्यायची असा खेळ मध्येच चालू असतो, तेव्हा कोणी उगाच आक्रमक झाला की ते लक्षात ठेवा.

(गोव्यात मांडवीतल्या बोटींवर लाइव्ह टेबलं आहेत, पण तो वेगळा विषय. ऑनलाइन पैसे लावून खेळणं २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद झालंय, तेव्हा हे सगळं बघण्यापुरतं.)

एवढं झालं की मग पत्ते. व्हिडिओत ज्या कोपऱ्यात पत्ते दिसतात तिथे कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि फक्त बेट, वेळ आणि बोलणं यावरून अंदाज करा. सरावाला सप्टेंबर २०२२ मधला कॅलिफोर्नियातल्या हसलर कसिनोचा तो गाजलेला हात (डाव) घ्या, गॅरेट एडेलस्टीन विरुद्ध रॉबी जेड लू. बोर्डवर, म्हणजे मध्ये सगळ्यांसाठी उघडलेले पत्ते, दश्शी-दश्शी-नव्वी-तिर्री, गॅरेटकडे किलवरची अठ्ठी-सत्ती, फ्लश (एकाच रंगाचे पाच) आणि स्ट्रेट (ओळीने पाच) दोन्हींची आशा, पण हातात अजून काहीच नाही, त्याने ऑल-इन केलं, म्हणजे पुढ्यातलं सगळं लावलं, आणि तिने गुलाम-चौकीवर कॉल केला. साध्या गुलामावर! उरलेला शेवटचा पत्ता दोनदा काढला, दोन्ही वेळा तीच जिंकली, पॉट साधारण २ लाख ६९ हजार डॉलर. फसवणुकीचा आरोप झाला, तिने त्याच रात्री १ लाख ३५ हजार परत दिले, नंतरच्या चौकशीत फसवणुकीचा ठोस पुरावा काही मिळाला नाही. चिठ्ठी लावून एकदा बघा, काढून परत एकदा बघा, आणि दुसऱ्या वेळी तिच्याकडे नाही, पत्ते उघडल्यावर गॅरेटच्या चेहऱ्याकडे बघा.