घरातला भोंगा: फोनपासून रोज दीड तास सुट्टी कशी घ्यायची

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथं रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा झाला की टीव्ही बंद आणि मोबाईल बाजूला. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात आलेला फोन शाळा सुरू झाल्या तरी सुटेना. म्हणून २०२२ साली, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावानं एकत्र बसून हे ठरवलं.

त्या गावाची बातमी वाचली तोवर मी फोन कमी करायचा तीनदा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा चार दिवसांत सोडून दिला होता. मी फोन ठेवायचे, शेजारी नवऱ्याचा चालू असायचा, समोर टीव्ही लागलेला असायचा. एकट्यानं उपास करायचा आणि बाकीच्यांनी समोर बसून भजी खायची, असं ते चाललं होतं. वडगावनं सगळ्यांचं एकाच वेळी बंद केलं, म्हणून ते जमलं. आपल्यामागे गाव नसलं तरी घर असतं. घरापुरता भोंगा वाजवता येतो.

आधी मोठ्यांची बैठक

सुरुवात मुलांपासून करू नका. वडगावात पहिल्यांदा विषय निघाला तेव्हा पुरुष हसले होते. मग बायकांची बैठक झाली आणि त्यांनी कबूल केलं की आपल्यालाही मालिकांचा आणि मोबाईलचा नाद लागतोय. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनीच हे सांगितलं आहे. काम पुढे सरकलं ते या कबुलीनं. घरातही तसंच करा. प्रत्येकानं सांगायचं, या वेळात माझं काय बुडेल? सासूबाईंची साडेसातची मालिका, नवऱ्याच्या ग्रुपवरचे मेसेज, तुमची दिवसभराची राहिलेली उत्तरं. मालिका दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते, मेसेज कुठं पळून जात नाहीत. पण ज्याचं जे बुडणार ते त्यानं स्वतःच्या तोंडानं बोलायला हवं. नाहीतर तिसऱ्या दिवशी कुरबुर सुरू होते.

वेळ आणि खूण

दिवेलागणीनंतरची वेळ उत्तम, पण घरातलं कुणी नऊला कामावरून येत असेल तर नऊची ठेवा. पहिला आठवडा अर्धाच तास. अंगवळणी पडलं की वाढवत दीड तासावर न्या. मात्र वेळ रोज तीच हवी. ‘आज जेवण झाल्यावर बघू’ म्हटलं की ती संध्याकाळ गेली.

सुरुवातीला आवाज करा. देवघरातली घंटा चालेल, चावीचं गजराचं घड्याळ चालेल. फोनचा अलार्म नको, कारण तो बंद करायला फोन उचलावा लागतो आणि उचलला की वर आलेले चार मेसेज दिसतातच.

डब्याची जागा

फोन खिशात ठेवून चालत नाही. आम्ही फराळाचा मोठा स्टीलचा डबा काढला, फ्रिजवर ठेवला आणि चार फोन आत टाकले. पहिल्याच संध्याकाळी एक फोन आत थरथरला आणि सगळा डबा घुमला. चौघांच्याही माना फ्रिजकडे वळल्या. मुलगा अर्धा उठलाही होता. त्याच्या चेहऱ्यावरची ती ओढ मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली, आणि माझीही तशीच झाली असणार हे कळलं. दुसऱ्या दिवसापासून डब्यात जुना पंचा अंथरतो आणि फोनचं थरथरणंही बंद करून ठेवतो.

‘अडीअडचणीचा फोन आला तर?’ हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी फोनमधलं ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि गावाकडचे आईवडील, शेजारी अशा चारपाच जणांना त्यातून सूट द्या. लागोपाठ दुसऱ्यांदा येणारा कॉल वाजू देण्याची सोयही त्यात आहे: आयफोनवर तीन मिनिटांत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत त्याच माणसाचा पुन्हा कॉल आला तर तो वाजतो. नातेवाइकांना एवढंच सांगून ठेवा, निकडीचं असेल तर दोनदा लावा.

रिकामे हात

सगळ्यात अवघड असतात पहिली दहा मिनिटं. हातांना काय करावं ते कळत नाही. म्हणून घंटा व्हायच्या आधीच काहीतरी मधोमध मांडून ठेवा. आमच्याकडे सुपात भुईमुगाच्या शेंगा असतात, नाहीतर मेथीची जुडी. निवडता निवडता माणसं बोलायला लागतात, समोरासमोर बसवून ‘आता बोला’ म्हटलं तर बोलत नाहीत. मुलगी तेव्हाच पहिल्यांदा वर्गातल्या भांडणाबद्दल बोलली, लसूण सोलताना, माझ्याकडे न बघता. पत्त्यांचा जोड, पाढे, मोठ्यानं वाचायला एखादं पुस्तक, सगळं चालतं. अभ्यास ऑनलाइन असेल तर तो घंटेआधी किंवा नंतर.

घरात दोन वर्षांखालचं मूल असेल तर त्याला हा दीड तास पुरेसा नाही. इतक्या लहान वयात बसून स्क्रीन बघणं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींना मान्यच नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. घास भरवताना समोर धरलेला मोबाईलही यातच येतो.

मोडलं तर

मोडणारच. भारताची मॅच असते, कुणाचं परदेशातल्या ऑफिसशी बोलणं असतं. सुट्टी हवी असेल तर सकाळीच सगळ्यांसमोर मागायची. संडासात लपून पाहिलेला फोन जितकं बिघडवतो, तितकं उघड मागितलेली सुट्टी बिघडवत नाही. वडगावातही नुसत्या भोंग्यानं भागलं नव्हतं. ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले होते. घरात ते फिरणं कुणीतरी आपणहून अंगावर घ्यावं लागतं, आणि न रागावता.

शेवटची घंटा विसरू नका. दीड तास म्हणजे दीड तासच, हा भरवसा मुलांना वाटला तरच ती उद्या बसतील. घंटा वाजवायचं काम घरातल्या सगळ्यात लहानाकडे द्या. पत्त्यांचा डाव अर्धा राहिला असला तरी ती वेळेवर वाजू दे. मग डाव संपवायचा की डब्याकडे जायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.