विद्यार्थी पाळक म्हणून निघण्यापूर्वी

सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू) घडवणाऱ्या महाविद्यालयात, प्रवेश मिळाला की घरात लगेच बॅगेची आणि गादीची चर्चा सुरू होते. बॅग शेवटच्या दोन दिवसांत भरून होते. नाशिकहून पुण्याला निघायच्या आधीचे महिने मात्र आपल्या मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या समुदायात, राबण्यात घालवा, कारण पाळकाचं निम्मं काम वर्गाबाहेर शिकायचं असतं, आणि तिथे शिकवणारी माणसं इथेच आहेत.

कागदपत्रं आधी उरका. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा (मोठेपणी विश्वास जाहीर करण्याच्या विधीचा) दाखला, पाळकसाहेबांचं शिफारसपत्र, गुणपत्रिका, वैद्यकीय दाखला. बाप्तिस्मा निफाड-मनमाडकडच्या मंडळीत झाला असेल तर तिथलं जुनं रजिस्टर शोधायला वेळ लागतो, म्हणून आजच फोन करा. आधार कार्डावरचं नाव दाखल्याशी जुळतं का, तेही पाहून ठेवा.

आता खरी तयारी. पाळकसाहेबांना विचारून एखाद्या दफनविधीला घरापासून कबरस्तानापर्यंत त्यांच्यासोबत राहा. शवपेटी घरातून उचलताना कोण कोणाला धरतं, रडणं वाढलं की ते वाचन कुठे थांबवतात, माती टाकताना आवाज किती खाली आणतात, हे बघा. पावसात उपासनेच्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून ते आधीच खूण घालून ठेवतात. या गोष्टी कुठल्याच अभ्यासक्रमात सापडणार नाहीत, आणि वेळ कधी येईल ते सांगता येत नाही. आपल्याच नाशिकमधल्या शरणपूरच्या मिशन आश्रमात शिकलेला जेकब वेनराइट हा आफ्रिकी तरुण 1873 मध्ये मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या मोहिमेत होता. लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि दफनविधीचं वाचन या वेनराइटने केलं. तो दीक्षित पाळक नव्हता. वाचता येणारा आणि जबाबदारी न टाळणारा माणूस होता. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

मोठ्याने वाचायचा सराव रोज करा. रविवारचा शास्त्रपाठ मागून घ्या. मलकीसदेक, नबुखद्नेस्सर ही बायबलमधली नावं अडखळली की मागच्या बाकावरच्या आजींचं लक्ष वचनावरून उडतं. माइकपासून किती अंतर ठेवायचं, तेही इथेच कळेल. गीतं चालीसकट पाठ हवीत, निदान नारायण वामन टिळकांची भजनं तरी. टिळक नाशिकला शिकले, लक्ष्मीबाईंचं माहेर इथलंच जलालपूर, आणि अभंगाच्या वळणाने येणारी त्यांची भजनं खेड्यातल्या मंडळीत बाजाची पेटी नसली तरी टाळ्यांवर उभी राहतात.

घरभेटींना जा, पण बोलायला नको, ऐकायला जा. जेल रोडच्या एखाद्या खोलीत कोणी नवऱ्याच्या दारूबद्दल सांगेल, मुलाच्या कर्जाबद्दल सांगेल. ते तिथेच राहिलं पाहिजे. प्रार्थनेत नाव घेऊन जाहीर करायच्या आधी त्या घराला विचारा. मंडळीतला विश्वास अशाच ठिकाणी तुटतो, आणि तुटला की चांगल्या प्रवचनाने तो सांधत नाही.

पुस्तकं फार विकत घेऊ नका, ग्रंथालय असतं. संदर्भ ओळींचं मराठी पवित्र शास्त्र आणि एक जाड वही पुरे. वेळ उरलाच तर बायबलच्या मूळ भाषांकडे वळा: ग्रीकची 24 अक्षरं गिरवा. हिब्रूची 22 अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहायची असतात, त्यांना हात आधी बसला तर पहिलं सत्र हलकं जाईल.

पैशाचं स्पष्ट बोलून घ्या. मंडळी किती देणार, डायसिस (बिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत) किती, घरून किती, आणि कोणत्या महिन्यात, हे कमिटीच्या बैठकीत ठरवून ठरावाची प्रत जवळ ठेवा. संकोचाने गप्प राहिलेल्या विद्यार्थ्याची फी थकते आणि मन अभ्यासात लागत नाही. आईवडिलांशीही बसा. मुलगा किंवा मुलगी चार पैसे कमावेल या आशेवर त्यांनी शिकवलेलं असतं. त्यांची नाराजी पाचारणाच्या (देवाच्या बोलावण्याच्या) नावाखाली दाबू नका, ऐकून घ्या, हवं तर पाळकसाहेबांना घरी बोलवा.

निघायच्या आधीच्या रविवारी मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करेल. त्या दिवशी रविवारच्या शाळेतला तुमचा वर्ग कोण घेणार ते ठरवून, हजेरीची वही त्यांच्या हातात द्या.