तीन पत्तीवाल्यांनी पोकरची टूर्नामेंट कशी खेळावी

इंदूरच्या मराठी घरांत पत्ते येत नाहीत असा माणूस शोधून काढावा लागेल. दिवाळीत तीन पत्ती, एरवी रमी. त्यामुळे सुदामानगरला आमच्याकडे शनिवारच्या पोकरला कुणी नवीन आलं, की नियम त्याला तासाभरात येतात. हातात दोन पानं, टेबलावर पाच, सातांतली उत्तम पाच आपली. अडचण नियमांची नसतेच, सवयीची असते. प्रत्येक डावात बसायचं आणि समोरच्याकडे काय होतं ते पाहिल्याशिवाय सोडायचं नाही, ही तीन पत्तीची खोड. ती घेऊन आलेला माणूस सगळ्यांच्या आधी बाद होतो, आणि पहिल्या बाद होणाऱ्यानं चहा टाकायचा असा आमचा रिवाज आहे.

पैशांचं आधीच सांगते: पैसे नाहीत. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ संसदेनं 2025 मध्ये कायदा करून बंद केले, आणि माझ्या टेबलावर त्याच्या आधीही कधी पैसा आला नाही. आम्ही नऊ जण. प्रत्येकाला 5,000 च्या चिप्स. पहिल्याला 5 गुण, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 2, बाकीच्यांना भोपळा. वर्षाची बेरीज फ्रिजवर चिकटवलेली असते, आणि त्या गुणांवरून पैशांपेक्षा जास्त भांडणं होतात. टेबलावर शेव आणायची नाही. तेलकट बोटांनी पानांना डाग पडतात, आणि दोन शनिवारांत सगळ्यांना इस्पिकचा एक्का पाठीवरून ओळखू येतो. प्लास्टिकची पानं घ्या, धुता येतात.

ब्लाइंड (डीलरच्या पुढच्या दोघांनी पानं बघण्याआधी टाकायचीच रक्कम, पहिल्याची स्मॉल आणि दुसऱ्याची दुप्पट, म्हणजे बिग) आम्ही 25-50 पासून सुरू करतो आणि दर वीस मिनिटांनी वाढवतो: 50-100, 75-150, 100-200, 150-300, 200-400, 300-600, 500-1000, 800-1600, 1000-2000. तीन-साडेतीन तासांत निकाल लागतो. कारण शेवटी टेबलावरच्या सगळ्या 45,000 चिप्स मिळून बावीस-तेवीस बिग ब्लाइंडच उरतात, कुणाला तरी जावंच लागतं.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर झाली, म्हणून असेल, पण मी नव्या माणसाला पहिल्यांदा मोजायला शिकवते. ‘माझ्याकडे 5,400 आहेत’ असं म्हणायचंच नाही. चालू बिग ब्लाइंडनं भागायचं. सुरुवातीला 5,000 म्हणजे शंभर बिग ब्लाइंड, ऐसपैस. ब्लाइंड 300-600 झाल्यावर 5,400 म्हणजे फक्त नऊ. रक्कम वाढलेली दिसते, पण तुम्ही अडचणीत आहात.

शंभर असताना थांबायची चैन परवडते. पहिल्या दोन-तीन जागांवर बोलायची पाळी असेल, तर आठ्यांपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, बस्स. बाकी पानं फेका. तुमच्या मागे सहा जण बोलायचे बाकी आहेत. डीलरच्या जागी (दर डावाला पुढे सरकणारी तिची खूण आमच्याकडे म्हणजे कॅरमचा स्ट्रायकर) असाल आणि आधीच्या सगळ्यांनी फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकली असतील, तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, राजा-दश्शी, गुलाम-दश्शी चालतील. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यावर, तुम्ही शेवटी बोलणार, म्हणजे बाकीच्यांची मनं आधी कळतात. छोटी जोडी हातात आली की लगेच नाचू नका. फ्लॉपवर तिचं तिसरं पान साधारण साडेआठांत एकदाच येतं.

आता ती नऊ ब्लाइंडची अवस्था. स्ट्रायकर तुमच्यापुढे, सगळे फोल्ड, हातात एक्का-सत्ती. नवा माणूस इथे 600 टाकून ‘बघू फ्लॉप’ म्हणतो. तसं नको. दहाच्या आत आलात की पर्याय दोनच: ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं) किंवा फोल्ड. ऑल-इन म्हटल्यावर दोघा ब्लाइंडवाल्यांनी पानं टाकली तर 900 मिळाले, म्हणजे तुमच्या ढिगाचा सहावा हिस्सा, पानं न दाखवता. एखाद्यानं राजा-राणी घेऊन कॉल केलाच, म्हणजे तेवढीच रक्कम भरली, तरी पारडं थोडं तुमच्याकडेच आहे.

कॉल करायचा तेव्हा भाव बघायचा. बदामाची चार पानं जमलीत, पाचवं आलं की फ्लश. टर्न (टेबलावरचं चौथं पान) झाला, एकच पान यायचंय. न दिसलेली पानं 46, त्यात बदाम 9, म्हणजे शंभरात जवळपास वीस. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 1,000 आहेत आणि समोरचा 500 लावतो. तुमचे 500 धरून पॉट 2,000 होणार, म्हणजे तुम्ही चौथा हिस्सा भरताय, शक्यता पाचवा हिस्सा. सोडा. त्यानं 200 च लावले असते तर 1,400 तले 200, शंभरात चौदा. बिनधास्त कॉल.

ब्लफचं, म्हणजे पानं नसताना असल्याचा आव आणायचं, वेड 2003 पासून लागलंय. त्या वर्षी ख्रिस मनीमेकर या अमेरिकन अकाउंटंटनं 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या 10,000 डॉलर प्रवेश फीच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि 25 लाख डॉलर जिंकले. शेवटी उरलेल्या सॅम फर्हासमोर फ्लश आणि स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) दोन्ही हुकलेले असताना तो शेवटच्या पानावर ऑल-इन गेला, आणि फर्हानं नव्व्यांची जोडी फेकली. पण फर्हा पानं टाकू शकणारा खेळाडू होता, हे कुणी बोलत नाही. आमचे एक भाऊजी दुर्रीची जोडी घेऊन ‘बघू तरी’ म्हणत शेवटपर्यंत येतात. त्यांच्यासमोर ब्लफ करणं म्हणजे चिप्स दान करणं. त्यांना चांगल्या पानांवर मोठी रक्कम लावायची, ते भरतात.

सगळ्यात जास्त गुण चौघं उरल्यावर हातचे जातात. समजा, एकाकडे 20,000, तुमच्याकडे 12,000, बाकी दोघांकडे 8,000 आणि 5,000. मोठा ढीगवाला ऑल-इन म्हणतो, तुमच्या हातात एक्का-गुलाम. पान देखणं आहे, तरी मी टाकून देते. हरलात तर चौथे, शून्य गुण, आणि 5,000 वाला फुकटात वर सरकतो. जिंकलात तर 24,000 होतात, पण गुण दुप्पट होत नाहीत. टेबलावरच्या एकूण एक चिप्स तुमच्या झाल्या तरी दहांतले पाचच गुण मिळणार ना! म्हणून इथे गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग पडते. उलट ढीग तुमचाच मोठा असेल तर सारखे रेज करा (रक्कम वाढवा), बाकीचे तिघं एकमेकांच्या जाण्याची वाट बघत असतात.

घरी गेल्यावर वहीत एकच डाव लिहा: कोणती जागा, किती ब्लाइंड, काय केलं, का केलं. निकाल शेवटी लिहा. राजांची जोडी एक्क्यांच्या जोडीपुढे पाचांत एकदा जिंकतेच, त्यावरून कुणी शहाणं ठरत नाही.

दोघंच उरले की भांडण ठरलेलं, म्हणून नियम लिहून ठेवा: स्ट्रायकरवालाच स्मॉल ब्लाइंड टाकतो, फ्लॉपच्या आधी तोच पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी.